मुंबई ते न्यूयॉर्क : सोळा तासांचा प्रवास शरीराला कसा झेपवावा?

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारचीही शिष्यवृत्ती आहे. कोणी कर्ज काढून जातो, कोणी नोकरीवर जातो. त्यामागोमाग आई-बाबांचा प्रवास येतो. मुलीचा पदवीदान समारंभ असतो, सुनेचे बाळंतपण असते, नातवाला पाहायचे असते. शिष्यवृत्तीत विद्यार्थ्याचे विमानभाडे मिळते, आई-बाबांचे मिळत नाही. ते पै-पै साठवून तिकीट काढतात. अनेकांच्या आयुष्यातला हा पहिलाच विमानप्रवास असतो, आणि तोही थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

तिकीट हातात आले की घरात पहिला प्रश्न येतो, "किती तास लागतात गं?" उत्तर मिळते, "सोळा तास." हे उत्तर विमानापुरते बरोबर आहे. साठीतल्या, मधुमेह किंवा बीपी असलेल्या माणसाच्या शरीरासाठी मात्र ते अपुरे आहे. शरीरावर तीन गोष्टींचा भार पडतो : एकाच जागी बसून राहणे, विमानातली विरळ आणि कोरडी हवा, आणि एकदम साडेनऊ-दहा तासांनी बदललेले घड्याळ. या तिन्हींची तयारी घरी बसून, फारसा खर्च न करता करता येते. ती कशी करायची, ते या लेखात पाहू.

अंतर किती आणि वेळ किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर वाटते, विमान अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून पश्चिमेला जात असेल. पण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून उत्तरेकडे चढतो, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून जातो आणि मग कॅनडाकडून खाली न्यूयॉर्कला उतरतो. सगळ्यात जवळचा रस्ता हा आहे. विमान नेमके याच रेषेवरून जाते असे मात्र नाही. कुठे युद्ध असते, कुठे हवाई हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला आणि प्रवासाचा वेळ वाढला.

मोठे प्रवासी विमान तासाला साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने चौदा-पंधरा तास पुरायला हवेत. पण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. म्हणून थेट विमानाने जायला साधारण सोळा तास आणि यायला चौदा-पंधरा तास लागतात.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू. कुटुंब घाटकोपर किंवा गोवंडीला राहत असेल तर विमानतळापर्यंत एक तास, तिथे चार तास आधी हजेरी, सोळा तास विमान, पलीकडे पासपोर्ट तपासणी आणि सामान मिळेपर्यंत दोन तास, मग मुलाच्या घरी पोहोचायला तास-दीड तास. झाले साडेचोवीस तास. कुटुंब नागपूरचे असेल आणि रेल्वेने मुंबईला येणार असेल, तर गाडीचे बारा-चौदा तास यात मिळवा. म्हणजे छत्तीस ते अडतीस तास अंथरुणाला पाठ लागत नाही. म्हणून बाहेरगावच्या लोकांनी निदान एक दिवस आधी मुंबईत नातेवाइकांकडे उतरावे, आंघोळ करून, जेवून, झोप घेऊन मगच विमानतळ गाठावे. वयस्कर माणसांच्या बाबतीत हा एक दिवस वाचवू नये.

दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलून गेले तर अंतर फारसे वाढत नाही. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. अंतर तीन-चारशे किलोमीटरच वाढते, पण मधल्या थांब्यामुळे एकूण वेळ वीस ते चोवीस तासांवर जातो. तिकीट बहुधा स्वस्त मिळते आणि मध्ये पाय मोकळे करता येतात, हा फायदा आहे. पण मोठ्या विमानतळावर दुसऱ्या विमानापर्यंत लांब चालावे लागते, तेही कमी वेळात. एकट्या जाणाऱ्या, इंग्रजी-हिंदीला बिचकणाऱ्या आईसाठी थेट विमान बरे. थांबा घ्यावाच लागला तर तो निदान तीन तासांचा असावा.

पहिला भार : बसून राहणे

आपल्या पोटऱ्यांचे स्नायू चालताना रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसले की हे काम थांबते. पाय सुजतात, चपला घट्ट होतात. ही सूज बहुतेकांना येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. पण काही जणांच्या पायातल्या खोल शिरेत रक्ताची गाठ तयार होते. ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते.

घाबरून जाण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केल्यास अशी गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सुमारे सहा हजार प्रवाशांमध्ये एक इतकाच राहतो. बस, गाडी आणि रेल्वेलाही हेच लागू आहे. मात्र काही जणांना धोका जास्त असतो : नुकतेच ऑपरेशन झालेले, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, कॅन्सरचे रुग्ण, खूप वजन असलेले आणि आधी अशी गाठ होऊन गेलेले. त्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. पायात घालायचे घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले तर त्यांनी दिलेल्या मापाचेच घ्यावेत. 'रक्त पातळ होते' म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

बाकी सगळ्यांसाठी उपाय साधे आहेत.

• शक्यतो रांगेच्या कडेची, मधल्या वाटेलगतची जागा मागा. उठताना कोणाला 'सरका' म्हणावे लागत नाही.
• जागे असाल तेव्हा दर तासाला बसल्या जागी टाचा टेकवून बोटे वर, मग बोटे टेकवून टाचा वर, असे वीस-तीस वेळा करा. पाऊल घोट्यातून गोल फिरवा.
• दर दोन तासांनी उठून विमानाच्या मागच्या टोकापर्यंत चालून या. पट्ट्याचा दिवा लागलेला असेल तेव्हा मात्र बसून राहा.
• कपडे सैल आणि सुती घाला. साडी असेल तर परकराची नाडी आवळू नका. चप्पल किंवा बूट थोडा सैल असावा.
• पायाशी बॅग कोंबून ठेवू नका. पाय पसरायला जागा हवी.
• झोपेची गोळी घेऊन सलग आठ तास एकाच कुशीत पडून राहू नका.

इथे आपल्या आया-बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. 'सारखे संडासला जावे लागेल, कसे विचारायचे, दार कसे उघडायचे' या संकोचाने अनेक बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. पाणी कमी, हालचाल कमी, लघवी तुंबलेली : लांबच्या प्रवासात हे तिन्ही वाईट. विमानातल्या शौचालयाचे दार बहुधा मधोमध ढकलले की दुमडून उघडते. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा उजळतो. बटण दाबले की पाणी ओतल्यासारखे नव्हे, तर मोठ्याने हवा ओढल्यासारखा आवाज येतो. तो नेहमीचाच आहे, त्याला दचकू नये. पाणी मागायलाही लाजू नका. ते तिकिटातच आहे.

प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांपर्यंत एकाच पायाची पोटरी दुखू लागली, सुजली, गरम किंवा लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले तर अमेरिकेत ९११ आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर लगेच फोन करा.

दुसरा भार : विमानातली हवा

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते. आतली हवा यंत्राने दाबून भरलेली असते, तरी ती जमिनीवरच्यासारखी नसते. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर जशी हवा असेल, तशी ती असते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेले असतो. धडधाकट माणसाला यात फारसे काही जाणवत नाही. पण ज्याच्या रक्तात, हृदयात किंवा फुफ्फुसात आधीच कमतरता आहे, त्याला कमी ऑक्सिजन जाणवू शकतो.

एक घरगुती पारख आहे. एक जिना चढताना किंवा सपाटीवर पन्नास मीटर चालताना धाप लागत असेल, तर विमानात बसण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवीच. चुलीच्या धुराने, गिरणीच्या धुळीने किंवा विडीने ज्यांची फुफ्फुसे कमजोर झाली आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. दम्याचा पंप हातातल्या पिशवीत असावा. हिमोग्लोबिन आठपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबावे.

सिकलसेलबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांतल्या आपल्या अनेक घरांत हा आजार आहे. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्या तपासणीच्या कागदावर 'एएस' लिहिलेले असते, त्याला विमानप्रवासात सहसा अडचण येत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्याच्यासाठी कमी ऑक्सिजन, कोरडी हवा, कमी पाणी आणि थंडी या चारही गोष्टी वेदनेचा झटका आणू शकतात, आणि विमानात या चारही एकत्र असतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी, विमानात ऑक्सिजन लागेल का ते आधी विचारावे आणि विमान कंपनीला कळवावे. सतत थोडे थोडे पाणी प्यावे, स्वेटर आणि पायमोजे घालावेत. नुकताच झटका येऊन गेला असेल तर प्रवास पुढे ढकलावा. शिकायला जाणाऱ्या मुला-मुलींनी आपण वाहक आहोत की रुग्ण, हे जाण्याआधी तपासून त्याचा कागद सोबत न्यावा. तिथल्या डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

क्षयरोगाबाबतही स्पष्ट असावे. ज्याच्या थुंकीतून जंतू पसरत आहेत, त्याने विमानात बसू नये. साध्या क्षयरोगात किमान दोन आठवडे नीट औषधे घेऊन डॉक्टरांनी 'आता संसर्ग नाही' असे सांगितल्यावरच जावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात तर तपासणी स्वच्छ येईपर्यंत थांबावे. हे लपवण्यात कोणाचेच भले नाही. बंद विमानात आठ तासांहून जास्त वेळ शेजारी बसणाऱ्याला लागण होऊ शकते.

विमानातली हवा फार कोरडीही असते. तोंड, नाक आणि डोळे सुकतात. दर तासाला अर्धा पेला पाणी प्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचे माप पाळावे. फुकट मिळते म्हणून दारू घेऊ नये. दारूने लघवी जास्त होते, शरीर आणखी सुकते आणि झोपही तुकड्या-तुकड्यांत लागते. चहा-कॉफी चालेल, पण बेताने. दाब कमी झाल्याने पोटातली हवा फुगते. म्हणून आदल्या दिवशी छोले, राजमा, सोडा घातलेले थंड पेय टाळावे.

विमान उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात. आवंढा गिळावा, गोळी चघळावी, जांभई द्यावी. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे, म्हणजे त्याचे कान दुखत नाहीत. सर्दीने नाक-कान पूर्ण बंद असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह आणि बीपीची औषधे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एक उदाहरण घेऊ. विमान मुंबईहून रात्री एक वाजता सुटले. सोळा तासांनी भारतात संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो. म्हणजे आपला एक दिवस चोवीस तासांचा न राहता साडेतेहतीस तासांचा झाला. आता सकाळी आठ आणि रात्री आठ अशी इन्सुलिन घेणारी आई काय करणार? उतरल्यावर तिथले घड्याळ सकाळ दाखवते म्हणून तिने लगेच सकाळचा डोस घेतला, तर आधीच्या डोसपासून किती तास झाले हे कोण पाहणार?

म्हणून विमानात मनगटावरचे घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवा. निघण्याआधी आठवडाभर डॉक्टरांकडे जा, विमानाची वेळ दाखवा आणि औषधांचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. त्यात भारतातली वेळ आणि तिथली वेळ शेजारी-शेजारी असावी. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून एखादे जास्तीचे जेवण आणि कधी जास्तीचा डोस लागू शकतो. परतताना दिवस आखडतो, तेव्हा डोस कमी करावा लागू शकतो. हा बदल डॉक्टरांनीच ठरवायचा. एखादी गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. बीपी, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे, सगळ्यांना हाच नियम.

आणखी काही गोष्टी :

• सगळी औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग हरवू शकते, उशिरा येऊ शकते. विमानाच्या पोटात थंडी जास्त असल्याने इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.
• औषधे मूळ पाकिटात असावीत, सुटी पुडी बांधून नेऊ नयेत. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी. तीत औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण इथल्या कंपनीचे नाव तिथल्या दुकानदाराला ओळखू येणार नाही.
• मुक्कामाला पुरतील इतकी आणि वर पंधरा दिवसांची औषधे न्या. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांपर्यंतचा साठा चालतो.
• सुई, इन्सुलिन, साखर मोजायचे यंत्र सुरक्षा तपासणीत स्वतःहून दाखवा.
• विमानात चार-पाच तासांनी साखर मोजा. बिस्किटे, खडीसाखर जवळ ठेवा. घाम, थरथर, घाबरे वाटणे ही साखर कमी झाल्याची खूण आहे. लगेच गोड खा आणि कर्मचाऱ्यांना सांगा.
• ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीची इन्सुलिन टोचू नका. विमानात जेवण उशिरा येऊ शकते.
• मधुमेहाचे जेवण हवे असेल तर निदान दोन दिवस आधी कंपनीला कळवा.

तिसरा भार : घड्याळ

बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा जहाजाने जाण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. जहाजाच्या प्रवासात आठवडे जात, हाल होत, समुद्र लागे. पण एक गोष्ट मिळे. जहाज पश्चिमेला सरकत असताना घड्याळ रोज थोडे थोडे मागे घेतले जाई. शरीराला प्रत्येक बदल पचवायला वेळ मिळे. एअर इंडियाने १९६० मध्ये जेट विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली आणि आठवड्यांचे अंतर एका दिवसावर आले. आता साडेनऊ तासांचा बदल शरीराला एका झोपेत गिळावा लागतो. त्या अपचनालाच जेट लॅग म्हणतात.

आपल्या मेंदूत, डोळ्यांतून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, शरीराचे मुख्य घड्याळ असते. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, शौचाला कधी व्हावे, अंगाचे तापमान कधी उतरावे, हे ते ठरवते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. मनगटावरचे घड्याळ किल्ली फिरवून बदलते. हे घड्याळ उजेडाने बदलते, आणि तेही हळूहळू. पश्चिमेकडे गेल्यावर ते दिवसाला साधारण दीड तास सरकते, पूर्वेकडे आल्यावर साधारण एकच तास. म्हणून न्यूयॉर्कला गेल्यावर बसायला सहा-सात दिवस लागतात आणि भारतात परतल्यावर नऊ-दहा दिवस.

या दिवसांत रात्री दोनला डोळे टक्क उघडतात, दुपारी जेवता जेवता डुलकी लागते, पोट बिघडते, चिडचिड होते, नाव-पत्ता आठवायला वेळ लागतो. घरच्यांना वाटते, आईला काहीतरी झाले. झालेले काही नसते. तिचे शरीर अजून नागपुरात असते. तिला हे करू द्या :

• सकाळी पोहोचल्यावर फार तर एक तास झोपावे. दिवसभर अंथरूण धरले की रात्र जागून जाते.
• पहिल्या दोन-तीन दिवशी दुपारी एक ते सहाच्या दरम्यान बाहेर उजेडात फिरावे. ती वेळ भारतातल्या रात्रीची असते. त्या वेळचा उजेड शरीराचे घड्याळ मागे ढकलायला मदत करतो.
• जेवण तिथल्या वेळेला, पण हलके. रात्री भूक नसेल तर वरण-भात पुरे.
• रात्री जाग आली तर मोबाइल उघडू नका. खोली अंधारी ठेवा, शांत पडून राहा.
• झोपेची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी दहा ठिकाणे दाखवायचा मुलांनी हट्ट धरू नये. समारंभ असेल तर आई-बाबांना निदान तीन-चार दिवस आधी बोलवावे, म्हणजे मुलीचे नाव पुकारले जाते तेव्हा त्यांचे डोळे मिटत नाहीत. परतल्यावरही तोच नियम. पहिले तीन-चार दिवस रिक्षा-टॅक्सी चालवणे, रात्रपाळी, शिडीवर चढून करायची कामे टाळावीत. हाताला काम नसले तर घर चालत नाही, हे खरे. पण झोपाळलेल्या डोळ्यांनी झालेला अपघात त्याहून महाग पडतो. रजेचा हिशेब तिकीट काढतानाच करावा.

मदत मागणे हा कमीपणा नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाचा विमानतळावर मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांनीही व्हीलचेअर मागितली होती, एकच मिळाली. पत्नी खुर्चीत बसल्या आणि ते शेजारून चालत निघाले. पासपोर्ट तपासणीपर्यंतचे लांब अंतर चालताना ते कोसळले. पुढे विमान वाहतूक खात्याने कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला.

सोळा तास बसून, विरळ हवेत राहून, झोप न झालेले शरीर उतरते, तेव्हा सर्वांत लांब चाल त्याच्या वाट्याला येते. म्हणून चालायला त्रास असलेल्यांसाठी तिकिटासोबतच व्हीलचेअर नोंदवा, निदान दोन दिवस आधी कंपनीकडून खात्री करून घ्या. गरजू प्रवाशाला ही सोय मोफत मिळायला हवी. उतरल्यावर खुर्ची आली नसेल तर विमानाच्या दाराशीच थांबा. 'दुसऱ्या खुर्चीला वेळ लागेल, चालत या' असे कोणी म्हटले तरी बसून राहा. लोक काय म्हणतील, असा विचार करू नका. आपण पूर्ण तिकिटाचे पैसे भरलेले असतात.

भाषेची अडचण असेल तर एका कागदावर इंग्रजीत लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेवा : नाव, वय, आजार, औषधे, रक्तगट, मुलाचा किंवा मुलीचा फोन, उतरण्याचा पत्ता, आणि 'मला इंग्रजी येत नाही, मला मराठी येते' हे वाक्य. हा कागद दाखवला की पुढचे काम सोपे होते.

डॉक्टरांना आधी कोणी विचारावे?

• गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठे ऑपरेशन झालेल्यांनी
• दोन दिवसांच्या आत प्लास्टर घातलेल्यांनी
• सिकलसेलचे रुग्ण, तीव्र रक्तक्षय, दमा आणि फुफ्फुसाचे आजार असलेल्यांनी
• इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी
• गरोदर स्त्रियांनी. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि छत्तीस आठवड्यांनंतर सहसा बसू देत नाहीत. जुळी असतील तर मर्यादा आणखी अलीकडे येते.

शेवटी विम्याचे. अमेरिकेत दवाखान्याचा खर्च एका रात्रीत इथले घर गहाण पडेल इतका होऊ शकतो. तिकिटासोबत प्रवास विमा घ्या आणि फॉर्मवर मधुमेह, बीपी, सगळे खरे लिहा. आजार लपवला तर ऐन वेळी विमा कंपनी हात वर करते. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

तिकीट काढणाऱ्या मुला-मुलींनी भाडे आणि तारीख पाहतात तशाच आणखी चार गोष्टी पाहाव्यात : घरापासून घरापर्यंत किती तास होतात, मध्ये किती चालावे लागते, औषधांच्या वेळा कशा बसतात, आणि पोहोचल्यावर आराम करायला किती दिवस मिळतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी आई-बाबांच्या शेजारी बसून या चारही गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.